थांबणारे पीक : परसातली मिरी

(रत्नागिरी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात भाषण करायची आम्हाला सवय नाही. आम्ही दापोली तालुक्यातल्या एका वाडीतली सात घरे. आमच्यात कोणाचीच जमीन मोठी नाही. पाच-दहा गुंठ्यांचे परस, त्यात चार माड, वीस-पंचवीस पोफळी, एखादा फणस, एखादा रायवळ आंबा आणि त्यांच्या अंगावर चढवलेले मिरीचे वेल. आम्ही फार शिकलेलो आहोत म्हणून आम्हाला इथे उभे केलेले नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी जितके वेल लावले नसतील तितके आम्ही मारले आहेत, म्हणून उभे केले आहे. ते का मेले आणि उरलेले का जगले, एवढेच आज सांगायचे आहे. आणि जगलेल्या वेलांची मिरी हाती आल्यावर आम्ही काय मूर्खपणा केला, तेही.

मिरीच का?

शेतकऱ्याला भाव का मिळत नाही, याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक अगदी साधे आहे. शेतकऱ्याला थांबता येत नाही. हापूस पिकायला लागला की त्याला चार दिवसांचाही दम नाही. तुमच्या पेट्या बाजारात पोहोचल्या की दलालाला घाई नसते, घाई तुम्हाला असते. कोकमाचे तेच, फणसाचे तेच. काजूची बी थोडी थांबते, पण पाऊस डोक्यावर आला की तीही मिळेल त्या भावाने द्यावी लागते. ज्याला घाई, त्याचा तोटा, हा बाजाराचा नियम आहे.

मिरी मात्र थांबते. खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरली तर दोन-तीन वर्षे तिला काही होत नाही. जागा किती लागते? दहा किलो मिरी एका पत्र्याच्या डब्यात मावते. वेगळी जमीन नको, कारण वेल दुसऱ्याच्या अंगावर वाढतो. वेगळा पाट नको, माडा-पोफळीला घातलेल्या पाण्यातच तिचे भागते.

ही मिरी काही साधी वस्तू नव्हे. इसवी सन ४०८ मध्ये अलारिक नावाच्या राजाने रोम शहराला वेढा घातला आणि उठण्यासाठी खंडणी मागितली. सोन्या-चांदीबरोबर त्याने तीन हजार पौंड मिरी मागितली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो याच मसाल्याच्या व्यापारासाठी. गोव्याच्या खाली गेरसोप्प्याला सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी राणी राज्य करत होती. तिला पोर्तुगीज मिरीची राणी म्हणत. राजे, राण्या, दर्यावर्दी, व्यापारी सगळ्यांची नावे इतिहासात आहेत. वेल लावणाऱ्याचे आणि मिरी वाळवणाऱ्या बाईचे नाव कुठेच नाही. ते आजही नाही, आणि आमचे भाषण मुख्यतः त्याबद्दलच आहे. पण आधी लागवड. वेलच नसेल तर भाव कशाचा मागणार?

फांदी ओळखा

आमची पहिली फजिती रोपांपासूनच झाली. एका रोपे विकणाऱ्याकडून आम्ही चाळीस रोपे आणली. पिशवीतच त्यांना तुरे आले होते. आम्ही हरखलो. बाकीच्यांचे वेल तीन वर्षांनी धरतात, आमचे पिशवीतच धरले! लावली. दोन पावसाळे गेले, रोपे गुडघ्याच्या वर जाईनात. पोफळीला बिलगायचे नाव नाही. नुसती झुडपासारखी बसून राहिली.

मग कळले. मिरीच्या वेलाला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक, पेरापेराला मुळ्या सोडून झाडाला चिकटत वर जाणारा मुख्य वेल. दोन, त्याला बाजूने फुटणाऱ्या, घोस धरणाऱ्या फांद्या. तीन, बुंध्याशी फुटून जमिनीवर धावत जाणारे फुटवे. लागवडीसाठी घ्यायचे ते हे धावते फुटवे. आमची रोपे घोस धरणाऱ्या फांद्यांची होती. ती फांदी वर चढत नाही, तिचा तो धर्मच नाही.

तेव्हा चांगला धरणारा, निरोगी वेल आधी हेरून ठेवा. त्याचे धावते फुटवे मातीला टेकू देऊ नका. टेकले की तिथेच मुळ्या धरतात. बुंध्याशी एक खुंटी ठोका आणि फुटवे तिच्याभोवती गुंडाळून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापा. शेंड्याचा कोवळा भाग आणि बुडाचा जून भाग सोडा, मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करा. पाने देठ ठेवून कापा. माती, रेती आणि शेणखताच्या पिशवीत एक पेर मातीखाली जाईल असे लावा, सावलीत ठेवा, माती ओलसर राहील एवढेच पाणी द्या. पावसाळा सुरू होईतो रोप तयार. रोपाचा खर्च पिशवीपुरता.

जात कोणती, असे सगळे विचारतात. पन्नियूर-१ ही केरळातल्या पन्नियूर केंद्राने काढलेली संकरित जात आपल्याकडे चांगली रुळली आहे. घोस लांब, दाणा टपोरा. पण तिला उजेड लागतो. दाट सावलीत ती नुसती पाने वाढवते. सावली जास्त असेल तिथे करिमुंडा बरी. कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेची थेवम ही जात मर रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. एकाच जातीवर सगळा भरवसा ठेवू नका. दोन-तीन जाती मिसळून लावा.

पाणी पाहिजे, चिखल नको

दुसरी फजिती आम्ही स्वतःच केली, त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. मिरीला ओल लागते असे ऐकले होते, म्हणून न्हाणीचे पाणी जिथे साचते तिथेच वेल लावले. दोन वर्षे असे माजले की पाहुण्यांना नेऊन दाखवायचो. तिसऱ्या पावसाळ्यात पाने काळवंडली, पेरे सुटायला लागली, आणि पंधरवड्यात हिरवागार वेल वाळक्या दोरीसारखा लोंबू लागला. हीच ती जलद मर. ही बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते आणि एका वेलाची दुसऱ्याला देते.

तेव्हा बुंध्याशी पाणी साचू द्यायचे नाही. आधाराच्या झाडापासून हातभर-दीड हात अंतरावर खड्डा घ्या, त्यात शेणखत आणि चांगली माती भरा, आणि वर मातीची उंच भर द्या. पावसाचे पाणी बाहेर जायला चर काढा. वेल झाडाच्या उत्तर किंवा ईशान्य बाजूला लावा, म्हणजे दुपारचे ऊन अंगावर येणार नाही. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पातेरा आणि नारळाची सोडणे पसरा. त्याने ओल धरून राहते. बुंध्याशी कुदळ-फावडे चालवू नका. मुळ्या वरच्या वर असतात, तुटल्या की रोगाला दार उघडे.

पावसाच्या तोंडावर एकदा आणि श्रावणाच्या सुमारास उघडीप मिळाली की दुसऱ्यांदा बोर्डो मिश्रणाची फवारणी करा. हे मिश्रण घरी होते. दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत पाण्यात विरघळवा, मग एकत्र ओता. लोखंडी भांडे वापरू नका. झाल्यावर त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. आणि ज्या दिवशी केले त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा शेणखतातून देत असाल तर तो आणि बोर्डो एका वेळी देऊ नका. मोरचुदाने ती उपयोगाची बुरशीही मरते. मेलेला वेल मुळासकट उपटून जाळा आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरा लावू नका.

आधाराला पोफळ, माड, फणस, आंबा, पांगारा, भेंड काहीही चालते. साल सुटते अशा झाडावर मात्र वेल टिकत नाही. आंब्या-फणसाच्या फांद्या पावसाआधी विरळ करा, उजेड आत येऊ द्या. माडावरचा वेल शिडी पोहोचेल तेवढ्याच उंचीवर रोखा. नाही तर नारळ काढणारा गडी आणि वेल, दोघांचीही पंचाईत.

जमीन नाही, त्यांचे काय?

पहिल्या फजितीतली ती बुटकी झुडपे आम्ही उपटून टाकणार होतो. आमच्यातल्या एका काकूंनी ती जुन्या बादल्यांत लावली आणि खळ्याच्या कडेला ठेवली. ती धरली, आणि वर्षानुवर्षे धरत आहेत. नंतर समजले की केरळात लोक ही झुडूप मिरी मुद्दाम करतात.

ज्यांना परस नाही, ज्यांची मुले मुंबई-ठाण्याला दोन खोल्यांत राहतात, त्यांच्यासाठी ही उत्तम. मोठी कुंडी किंवा बादली, तळाला भोके, माती, रेती आणि शेणखत सारखे. घोस धरणाऱ्या फांदीचा तुकडा लावायचा. त्याला मुळ्या उशिरा फुटतात, पुष्कळसे तुकडे मरतातही, म्हणून जास्त लावा. अर्धे ऊन, अर्धी सावली आणि उन्हाळ्यात रोज पाणी. विकायला नाही, पण घरच्या कढीला, सारभाताला आणि पोराच्या खोकल्याच्या काढ्याला पुरते. चाकरमान्याच्या गॅलरीत मिरीचे एक झाड असले की मिरीचा दाणा कसा तयार होतो हे त्याच्या मुलांना तरी कळेल.

काढणी आणि वाळवण

मिरीला फुलोरा पावसाबरोबर येतो. परागीकरणाला पावसाचे पाणी मदत करते. जून-जुलैत पावसाने लांब दडी मारली तर दाणे कमी भरतात. अशा वेळी वेलावर पाणी मारावे. घोस तयार व्हायला सहा ते आठ महिने लागतात. जानेवारी ते मार्च ही आपली काढणी. घोसातले एक-दोन दाणे तांबडे झाले की तो घोस तोडायचा. सगळा वेल एका दिवशी ओरबाडायचा नाही. कोवळा दाणा वाळला की पोकळ होतो.

दाणे सुटे करा, टोपलीत घालून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, निथळून स्वच्छ चटईवर पसरा. चार-पाच दिवसांच्या कडक उन्हात सगळा माल एकसारखा काळा कुळकुळीत होतो आणि न बुडवलेल्या मालापेक्षा लवकर वाळतो. शेणाने सारवलेल्या खळ्यावर थेट पसरू नका, धूळ आणि बुरशी लागते.

माल कसा आहे ते घरी तपासता येते. लिटरचे माप मिरीने भरा आणि वजन करा. साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरले तर माल पहिल्या प्रतीचा. व्यापारीही तेच बघतो. फरक एवढाच, की त्याला आपल्या मालाची प्रत ठाऊक असते आणि आपल्याला नसते.

हिशेब वहीत लिहा

आता आमचा मूर्खपणा. पहिली काही वर्षे आम्ही मिरी वेलावरच देऊन टाकत होतो. तोडणी त्याची, वाळवण त्याचे, आपल्याला हातात रोख. मुलांची फी, लग्नाचा आहेर, औषधपाणी, गरज आज असते. मग एका वर्षी आमच्यातल्या दोन घरांनी दिली नाही. तोडली, वाळवली आणि वजन केले. तीन किलो ओल्या दाण्यांची साधारण एक किलो सुकी मिरी होते. हे एवढे साधे गणित आम्ही कधी मांडलेच नव्हते.

तुम्हीच मांडून पाहा. सुक्या मिरीचा भाव पाचशे धरा. कोणी ओल्या मिरीला किलोला शंभर देऊ लागला तर बरे वाटते. पण तीन किलोचे झाले तीनशे. चार-पाच दिवस ऊन दाखवले असते तर पाचशे झाले असते. किलोमागे दोनशे रुपये आपण उन्हाला घाबरून सोडले. पंचवीस वेल असतील आणि वेलामागे किलोभर सुकी मिरी धरली, तर पाच हजार रुपये सोडले.

थांबायचे म्हणजे जुगार खेळायचा, असे मात्र नव्हे. २०१५ च्या सुमारास मिरीचा भाव सहाशे-सातशेच्या घरात होता. तो हजार होईल म्हणून डबे भरून बसलेल्यांनी २०१८-१९ मध्ये चारशेच्या खालीही भाव पाहिला. आम्ही आता तीन वाटे करतो. एक वाटा काढणीनंतर, गरजेपुरता. दुसरा गणपतीच्या आधी. त्या वेळी चाकरमानी गावाला येतात आणि घरची मिरी चांगल्या भावाने, विश्वासाने नेतात. बाजारच्या मिरीत पपईचे बी मिसळलेले असते हे त्यांना ठाऊक असते. तिसरा वाटा डब्यात राहतो, भाव पाहून विकायला.

भाव २०१८ मध्ये का पडला, हेही समजून घ्या. नव्वदीच्या दशकापर्यंत मिरीत भारताचे नाव पहिले होते. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएतनामने आपल्याला मागे टाकले. श्रीलंकेशी केलेला मुक्त व्यापार करार २००० साली अंमलात आला आणि तिथली मिरी सवलतीच्या शुल्कात येऊ लागली. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेचा शिक्का मारून येते, अशी केरळ-कर्नाटकातल्या बागायतदारांची तक्रार होती. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने आयातीला किलोमागे पाचशे रुपयांची किमान किंमत लावली. तरीही पुढची दीड-दोन वर्षे भाव त्याच्या खालीच राहिला. आम्ही आयात बंद करा म्हणत नाही. स्पर्धेला आमची ना नाही. पण ज्या देशाचा माल त्या देशाचेच नाव त्यावर पाहिजे. आणि सरकारने बांधलेली किंमत परसातल्या डब्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हेही त्या वर्षांनी शिकवले.

सातबाऱ्यावर मिरी नाही

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन-मुरूडपासून आमच्या हर्णै-दापोलीपर्यंत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी पडल्या आणि त्यांच्यासकट वेल. पंचनामा झाला. माड मोजले, पोफळी मोजल्या. वेल कोणी मोजले नाहीत. विचारले तर उत्तर आले, सातबाऱ्यावर मिरी कुठे आहे? कुठेच नव्हती. सात-आठ वर्षांचे धरते वेल कागदावर कधी जन्मलेच नव्हते, मग ते मेले कसे म्हणायचे?

त्यातून दोन गोष्टी शिकलो. सगळे वेल पोफळीवर चढवायचे नाहीत, काही फणसा-आंब्यावर हवेत. वादळानंतर आमच्याकडे मिरी उरली ती त्यांच्यावरच. दुसरी गोष्ट, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतातले पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचे. तलाठी आला नाही ही सबब आता उरली नाही. माडा-पोफळीबरोबर मिरीही नोंदवा. नोंद नाही तर नुकसानही नाही, हे आम्ही मोल देऊन शिकलो.

डब्याची मालकी कोणाची?

शेवटचे बोलणे आमच्यातल्या बायकांनी सांगायला लावले आहे. वेलाला पाणी कोण घालते? घरची बाई. दाणे सुटे कोण करते, उकळते, वाळवते, पाखडते? तीच. वजनकाट्याशी आणि पैसे घ्यायला मात्र कोण उभा राहतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या सात घरांनी एक ठराव केला. मिरीचा डबा घरकारणीचा. तो कधी उघडायचा हे ती ठरवणार, पैसे तिच्या खात्यावर जाणार. सुरुवातीला आम्हा पुरुषांना हे जड गेले, खोटे कशाला बोला. पण झाले असे की डबा तिच्या ताब्यात गेल्यापासून वेलावरच मिरी देणे बंद झाले. घरात कोणती गरज आज भागवायची आणि कोणती महिनाभर थांबेल, हे तिच्याइतके कोणाला कळते? थांबायची ताकद मिरीत होतीच. ती वापरायची अक्कल आम्हाला तिच्याकडून मिळाली. म्हणून वेल मोजताना डब्याची मालकी कोणाची, हेही लिहा.

मंडपाबाहेर फणसाखाली आम्ही धावते फुटवे पोत्यात ओले करून आणले आहेत. घोसाच्या फांद्या नाहीत, तपासून घ्या. प्रत्येक घराने चार तुकडे न्यावेत, दाम नाही. फक्त वहीत बाईचे नाव आणि गावाचे नाव लिहून जा. पुढच्या मेळाव्याला त्या वहीतून एकेक नाव वाचू, आणि चारातले किती जगले ते ज्याचे त्याने उभे राहून सांगायचे. मेलेलेही सांगायचे. आम्ही सांगितले तसे.